हैबतीचं बियाणं तरलं

कापडे गावच्या हैबतीचा खापरपणजा पेंढ्यात बांधलेले भाताचे मुडे घेऊन महाड बंदराला गेला, तेव्हा पहिला मुडा ठेवताच गलबत सावित्री नदीच्या तळाला टेकलं, अशी गोष्ट त्या घरात सांगत. दाणाच म्हणे एवढा वजनदार. तांडेलानं हात जोडले, पाटील, मुडा उतरवा, नायतर भरती आली तरी आम्ही इथंच. आता त्या वेळी ओहोटी होती आणि गलबत आधीपासूनच चिखलात रुतलेलं होतं, हे सांगायला तांडेल हयात नाही. आणि हैबतीच्या ओटीवर बसून, त्याचा चहा पिऊन हे विचारणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचाय.

त्या एका मुड्याच्या वजनावर ते घर पिढ्यान्‌पिढ्या गावात वर राहिलं. गावाच्या खालच्या अंगाला ग्रामदेवी सोमजाईचं भातखाचर होतं. जमीन देवीची, कसायची सगळ्या गावकीनं मिळून. त्यात पेरायचं बी मात्र हैबतीच्या घरून वाजतगाजत यायचं. आणि ज्याचं बी देवीच्या खाचरात, त्याच्या दारी शिमग्याला पालखी पहिली थांबायची. ज्याच्या दारी पालखी पहिली, तो वर्षभर गावकीत शेवटचं बोलायचा. शेवटचं बोलण्याचा फायदा असा की आधी कोण काय बोललं ते ऐकायची गरज राहत नाही. हैबतीला ही सोय फार आवडायची.

आता बी कसलं, ते ऐका. हैबतीच्या माजघरात धान्याच्या दोन मोठ्या कणग्या होत्या. टपोरा दाणा कणगीत, खायला आणि पाहुण्याला. मधला दाणा महाडच्या बाजारात. आणि मळणी आटोपल्यावर खळं झाडताना जे निघायचं, अर्धं भात, अर्धी फोलपटं, ते पेंढ्यात बांधून त्याची मुडी व्हायची. ती देवीची. बायको ठकूबाई एकदा म्हणाली, आवो, देवीला तरी नीट द्या. त्यावर हैबती म्हणाला, देवी काय दाणा दाताखाली धरून बघती? ठकूबाई नाते गावची. त्या गावच्या बायका एकदाच सांगतात आणि मग वाट बघतात.

खाचरात पीक यायचं ते कसंबसं. दरवर्षी त्याला काहीतरी कारण सापडायचं. एका वर्षी खेकड्यांनी खाल्लं. एका वर्षी तर खेकडे आलेच नाहीत म्हणून पीक रागावलं.

स्वातंत्र्य येऊन सातआठ वर्षं झाली होती. भात कसं लावायचं हे जपानी माणसाकडून शिकावं, असं सरकारनं ठरवलं आणि आमच्याकडं मुरारी नावाचा ग्रामसेवक पाठवला. मुरारी घाटावरचा, पांढरी टोपी, सोबत सायकल. आमच्या चढउतारावर सायकल चालवता येत नाही, म्हणून तो ती हातात धरून चालायचा. तिच्या टायरांच्या आधी त्याच्या चपला झिजल्या.

वैशाखातल्या एका सकाळी त्यानं देवळापुढं गावकी जमवली. बादलीत पाणी घेतलं, त्यात एक अंडं सोडलं. अंडं तळाला गेलं. मग मूठमूठ मीठ घालून ढवळत राहिला. हळूहळू अंडं उठलं आणि आण्याच्या नाण्याएवढं टोक पाण्याबाहेर काढून थांबलं. मुरारी म्हणाला, बस, आता मीठ पुरे. या पाण्यात बियाणं ओतायचं. तरंगेल ते पोचट, ते कोंबड्यांना. बुडेल ते भरलेलं, ते धुऊन पेरायचं.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. भाताचं लोणचं घालायचं, एवढंच त्यांना कळलं. मग हैबतीचा चुलतभाऊ सदू पुढं आला. हैबतीचा बांध आणि सदूचा बांध एकच, त्यामुळं दोघांचं कधी पटलं नव्हतं. सदूनं विचारलं, का तरंगतं?

मुरारी खुलला. "सोपं आहे. कुठलीही वस्तू पाण्यात शिरली की आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. ते पाणी परत आपल्या जागी यायला बघतं. वस्तू त्या पाण्यापेक्षा हलकी असेल तर पाणी तिला वर ढकलून देतं. जड असेल तर पाण्याचं काही चालत नाही."

"म्हंजे भावकीसारखंच की," सदू म्हणाला. "बांध कोरून आत शिरायचं, आन्‌ हलका निघाला तर भायेर."

सगळे हैबतीकडं बघून हसले. हैबती हसला नाही. मुरारी पुढं सांगत होता, मीठ घातलं की पाणी जड होतं, म्हणून साध्या पाण्यात बुडणारं अर्धवट भरलेलं बीसुद्धा यात वर येतं. पण 'मीठ घातलं की पाणी जड होतं' एवढं कानावर पडलं आणि हैबती पानाची पिंक टाकायला उठला. परत येऊन बसला तोवर वाक्याचा उरलेला भाग होऊन गेला होता. आमच्याकडं शहाण्या माणसाचं असंच होतं. अर्धं ऐकतो, आणि अर्ध्यात त्याचं भागतं.

तेवढ्यात सदू म्हणाला की देवीच्या खाचराला यंदा कुणाचं बी लावायचं ते याच पाण्यानं ठरवू. आता हैबतीनं नको म्हणावं तर भ्याला असं होणार. आणि हैबती काय, नको म्हणेल तो हैबती कसला?

"हो रे, ठरवू की," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गावकीचं तपेलं काढा. महाडचा सायब बोलवा. त्याच्या म्होरं माझं बी सगळ्यात वरचढ ठरलं नाय, तर पालखी सदूच्या दारी न्या."

झालं. शब्द गेला. शब्दाला मीठ लावून तो परत घेता येत नाही.

घरी आल्यावर ठकूबाईनं देवीच्या मुडीतलं पसाभर बी घंगाळात टाकून दाखवलं. साधंच पाणी, तरी अर्ध्याहून जास्त बी वर आलं आणि शेवाळासारखं पसरलं. ती म्हणाली, द्या इकडं, सुपात घेते, दोन दिस पाखडते. फोल उडंल, ऱ्हाईल त्ये न्या. नायतर कणगीतलं न्या.

कणगीतलं न्यायला हैबतीचा हात होईना. आणि पाखडायचं म्हणजे सुपाचा आवाज होणार. आवाज सदूच्या पडवीत जाणार. हैबतीच्या बियाण्यात फोल आहे हे सुपानं गावाला सांगावं, त्यापेक्षा त्यानं बियाणं खाऊन टाकलं असतं. तो म्हणाला, सात पिढ्यांत या घरचं बी पाखडलं नाय.

"त्येच दिसतंय," ठकूबाई म्हणाली आणि घंगाळ उपडं केलं.

हैबती ओटीवर बसून विचार करू लागला. बी बुडायला हवं. बुडतं ते जड. जड कशानं होतं? मिठानं, असं खुद्द सरकारनं सांगितलंय. महाडच्या बाजारात मिठाचं पोतं उचलताना कमरेत उसण भरते, ती उगाच नाही. पाण्यात मीठ जास्त, तर पाणी जड. जड पाणी दाण्याला चिकटलं की दाणा जड. दाणा जड की तळाला. इतका सरळ विचार त्याच्या घराण्यात खापरपणज्यानंतर कुणी केला नव्हता. दुसऱ्याच दिवशी बैलगाडी महाडला गेली आणि पेणच्या मिठाचं एक गच्च पोतं गवताखाली दडून आलं.

परीक्षेच्या दिवशी देवळापुढं गावजेवणाचं तांब्याचं तपेलं मांडलं. त्यात एखादी म्हैस डुंबली असती. मुरारीनं सकाळीच मीठ घालून, अंडं सोडून पाणी बरोबर जमवलं. नाण्याएवढं टोक वर. अकराच्या सुमाराला जीप आली, तीतून साहेब उतरले. साहेब आले म्हणजे आधी जेवण. जेवण हैबतीकडं. कोंबडीचा रस्सा आणि वडे वाढून झाल्यावर हैबती म्हणाला, तुमी बसा सायब, मी दही बघून येतो, आणि परसदारानं निघाला तो पोतं पाठीवर टाकून देवळामागं.

वळणावर पाहतो तर तपेल्याशी सदू. सदूच्याही हातात पोतं, आणि तो ते घाईघाईनं पाण्यात रिकामं करतोय, वल्ह्याएवढ्या उलथन्यानं ढवळतोय. मुरारीचं वाक्य त्यानंही अर्धंच ऐकलं होतं. भावकीच ती, अक्कलसुद्धा वाटून घेतलेली. सदू गेला तसा हैबती पुढं झाला. आता मीठ तर पडलंच होतं. पण हैबतीनं विचार केला, सदूच्या मिठानं सदूचं बी बुडणार. आपलं बुडायला आपलं मीठ हवं. आणि त्यानंही पोतं उलटं केलं. तो दही घेऊन परतला तोवर गावातली इतर घरंही जेवणाच्या सुस्तीत एकेक करून देवळाकडं फिरकून आली. कुणी पदरातून, कुणी टोपीतून. मीठ विरघळायचं थांबलं आणि तळाशी पांढरं बसलं. तेव्हा कुठं गावाला समाधान वाटलं.

तोंड पुसत साहेब आले. अंडं आता टोक काढून थांबलेलं नव्हतं. डोहात दुपारच्याला पोहणारा माणूस उताणा पडून राहावा, तसं ते अर्धं बाहेर निघून आभाळ बघत पडलं होतं. मुरारीच्या कपाळाला घाम आला. पण साहेब शेजारी, काय बोलणार?

सदूची पायली पहिली. सदूनं छाती काढून ओतली. टपोरं, निवडलेलं बी होतं, खोटं कशाला बोला. ते सगळं गपकन आत गेलं आणि पुढच्या क्षणी सगळंच्या सगळं वर आलं. एक दाणा तळाशी नाही. सदूनं हातानं दाबून बघितलं. दाबलेले दाणे बोटांच्या फटींतून परत वर. दुसऱ्याचं ओतलं, तेही वर. तिसऱ्याचं, तेही वर. कुणीतरी रागानं बटाटा टाकला, तोही तरंगला. चांगू गुरवाचा पाय घसरून तो बसकन तपेल्यात पडला, आणि त्यालाही पाण्यानं बुडू दिलं नाही. बुचासारखा वर बसून राहिला, असं सांगणारे सांगतात, आणि मी त्यांना खोटं का पाडू?

पाण्यानं यात काही चमत्कार केला नाही. पाण्याला एकच कळतं, जो माझ्याहून हलका तो वर. त्याला गावानं इतकं जड करून ठेवलं की भरलेला दाणाही त्याच्यापुढं हलका ठरला. आता हे सांगायचं कुणी? ज्यानं चोरून मीठ टाकलं नव्हतं त्यानं. तसा गावात मुरारी सोडून एकही नव्हता.

साहेबांनी मुरारीला विचारलं, हे असं वर येणं चांगलं की वाईट? या जपानी पद्धतीचं सरकारी पत्रक साहेबांनी वाचलेलं नव्हतं. मुरारीनं सभोवार पाहिलं. अख्ख्या गावाचं बी पोचट आहे म्हणावं तर गाव खाईल. पाणी बिघडलंय म्हणावं तर साहेब.

"साहेब," तो म्हणाला, "स्थानिक पाण्यात थोडा फरक असतो."

तेवढ्यात हैबती पुढं झाला. त्यानं ओळखलं होतं की बुडायचं म्हटलं तर सगळं गाव एकाच होडीत आहे, आणि होडी काही बुडत नाही. तो शांतपणे म्हणाला, "सायब, देवीम्होरं टाकलेलं तरलं, यात वाईट काय? बुडतो तो धोंडा. आमच्यात तरतं त्येच चांगलं. आता कुणाचं किती वर तरतं, तेवढं बघा."

गावकीनं माना डोलावल्या. प्रत्येकाचं बी वर होतं, मग वर असणं वाईट म्हणणारा कोण? साहेबांनाही पटलं. त्यांनी तर छोटं भाषण केलं, की या मातीतलं बियाणं इतकं जोमदार आहे की ते खाली राहायलाच तयार नाही. मग हैबतीची पायली ओतली. बाकीच्यांचे दाणे पाण्यात अंग बुडवून तरंगत होते. हैबतीचं फोल मात्र अंग भिजू न देता पाण्याच्या पाठीवर नुसतं टेकलं, आणि वाऱ्याची झुळूक आली तशी त्यातलं थोडं उडून साहेबांच्या टोपीवर बसलं. यापेक्षा वर काय जायचं असतं? साहेबांनी स्वतः हार घातला. सदूनं ज्या पाण्यात हैबतीला बुडवायचं योजलं होतं, त्याच पाण्यानं त्याला डोक्यावर घेतलं.

मुरारीनं तपेल्यावर तरंगणारं सगळं कोंबड्यांना टाकायला लावलं. त्या वर्षी कापड्याची अंडी वरून मीठ न घेता खाता यायची. मुरारीला पुढं महाडला बढती मिळाली. तोही वर गेला.

इकडं देवीच्या खाचराला हैबतीच्या मुडीचं बी गेलं. आणि गावानं काय केलं? गावकीत सगळे म्हणायचे, तरतं तेच चांगलं. घरी जाऊन आपापलं बी गुपचूप वाऱ्यावर उपणून, फोल काढून, भरलेला दाणा पेरायचे. देवीच्या खाचरात पालापाचोळ्याचा राब भाजून पेरलं, तर रोप उगवलं ते म्हाताऱ्याच्या दाढीसारखं, इथं चार, तिथं दोन. तेच विरळ लावलं. दिवाळीच्या आधी भोवतालची खाचरं दाण्याच्या भारानं वाकली. देवीच्या खाचरातल्या लोंब्या पोकळ, त्या काठीसारख्या ताठ. हैबती बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, बगा, माझ्या बियाची एकबी लोंबी कुणापुढं वाकली नाय.

शिमगा आला. पालखी पहिली हैबतीच्या दारी. याच दिवसासाठी त्यानं पाठीवर पोतं वाहिलं होतं. अंगणात सडा, आंब्याचं तोरण, हैबती नव्या फेट्यात. रीत अशी की देवीच्या खाचरातल्या तांदळाचा भात पालखीबरोबरच्या सगळ्यांना जेवू घालायचा. खाचरात सूपभर भात झालं होतं, ते कांडून ओंजळभर तांदूळ. हैबतीनं त्याची पेज केली. मोठं पातेलं, भरपूर पाणी, आणि एकेक शीत एकेकट्यानं फिरतंय. देवीचं जेवढं तेवढं, तो म्हणाला.

भोयांनी पेज प्यायली, पुन्हा पालखीला खांदा दिला आणि लगेच काढून घेतला. पालखी उठेना. आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे, देवीच्या मनात नसलं की पालखी जड होते. पुढच्या दांड्याला सदू होता. त्यानं तीनदा जोर केला, निदान चेहऱ्यावर तरी. मग घाम पुसून म्हणाला, "जड हाय रे. दादाचं घर आवडलंय तिला."

आणि पालखी दारात आहे तोवर भोई, वाजंत्री, खेळे सगळ्यांचं पोट त्या घराकडं. पेज संपली. हैबतीनं नाइलाजानं कणगीला हात घातला. टपोऱ्या दाण्याचा भात रटरटू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोयांनी आंघोळी करून पुन्हा खांदा दिला. आदल्या दिवसापेक्षा जड. जेवण चांगलं होतं ना. तिसऱ्या दिवशी एक कणगी रिकामी होऊन वाजू लागली. जी पालखी पहिली दारात थांबावी म्हणून हैबतीनं सगळं केलं, ती आता दुसरीकडं जावी म्हणून तो देवीला गूळ, नारळ, कोंबडं, काय काय कबूल करत होता.

अखेर त्यानं चांगू गुरवाला कौल लावायला सांगितलं. तपेल्यातल्या मिठानं उठलेली चांगूच्या अंगाची खाज नुकतीच शमली होती. त्यानं डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि म्हणाला की देवीला औंदाचं बी बघायचंय. आत्ता. इथं.

हैबतीनं आतून मुडी आणली. तीच नेहमीची, खळं झाडलेली. पालखीपुढं ठेवली. भोयांनी खांदा दिला. पालखी तशीच.

ठकूबाई दारात उभी होती. ती आत गेली आणि सूप घेऊन आली. कुणाला काही न विचारता अंगणात पालखीपुढं बसली, मुडीचा पेंढा सोडला आणि पाखडू लागली. हैबती तिच्याजवळ वाकून हळू म्हणाला, अगो, गाव बघतंय.

"बगू दे," ती म्हणाली. "सात पिढ्या नुसतं ऐकतंय."

सूप वाजत राहिलं. फोलपटं उडाली ती आधी सदूच्या तोंडावर, मग वारा फिरला आणि हैबतीच्या नव्या फेट्यावर बसली. त्याच्या भुवया, मिशा, सगळं पिवळं झालं. तो झटकेना. झटकलं तर अजून कशाकशातून फोल निघेल याची त्याला भीती वाटली असावी. अख्खी मुडी पाखडून झाली तेव्हा सुपात पसाभर दाणा उरला. ठकूबाईनं तो पालखीत देवीच्या पायांशी ठेवला, वर कणगीतला भरलेला दाणा मापानं ओतला आणि म्हणाली, आई, हे पेरते. आता ऊठ.

पालखी आता पायलीभर भातानं जड झाली होती. भोयांनी खांदा दिला आणि ती फुलासारखी उचलली गेली. का, ते देवीला माहीत आणि सदूला. दोघांनीही सांगितलं नाही.

ढोल वाजू लागला. हैबतीच्या अंगणातून निघून पालखी दुसऱ्या घराकडं वळली. दुसरं घर सदूचं. त्याचं लक्ष दांड्यावर असताना त्याच्या पडवीतून एक आवाज आला. घाईघाईनं कुणी सूप वाजवतंय असा. औंदाचं बी अजून कुणीच उपणलं नव्हतं, आणि देवी आपल्याही दारी ते बघायला बसली तर? त्यापुढच्या घरातूनही आला. मग खालच्या आळीला, वरच्या आळीला, दारं लावून, खिडक्या ओढून, सगळ्या गावात सुपं सुरू झाली. ढोलापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता. सदूचा चेहरा पडला, आणि त्याच्या खांद्यावरची पालखी खरोखर जड झाली.

मागं, आपल्या अंगणात, फोलानं माखलेला हैबती उभा होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू आलं.